एक इंची पाइपातून पाणीगाडी

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे 12 एप्रिल 2016 ला पहाटे लातूरला पोहोचली. दहा टाकीचे डबे, पाच लाख लिटर पाणी. पुढे तिचं नाव ‘जलदूत’ पडलं आणि डबे पन्नास झाले. ती पहिली दहा डब्यांची गाडी मी 1:87 मापात बनवली. रेल्वे मॉडेलवाले या मापाला एचओ म्हणतात. सामान कुठून मिळालं, काम कुठे अडलं आणि ते कसं सुटलं, हे सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यात बसून हा छंद करणाऱ्याला विचारायला जवळपास कुणी सापडत नाही.

लातुरात माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. त्या वर्षी शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं 144 कलम लागलं होतं. दुकानात सबमर्सिबल मोटरींची थप्पी लागलेली. बोअरची पातळी खाली गेली की मोटर कोरडी फिरते आणि जळते. शेवटी शेवटी तर दुरुस्त केलेल्या मोटरी न्यायलाही लोक येईनात, बोअरलाच पाणी उरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात ती गाडी आली. शहरात तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, पण ती मापात कुणी जपून ठेवलेली मला दिसली नाही. म्हणून हे काम हातात घेतलं.

दहा डबेच का, याचं उत्तर टेपात आहे. टाकीचा डबा, म्हणजे रेल्वेच्या भाषेत बीटीपीएन, कपलरपासून (डबे जोडणारा आकडा) कपलरपर्यंत 12.42 मीटर. त्याला 87 ने भागलं की 143 मिलिमीटर. दहा डबे, इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास जाते. पन्नास डब्यांची केली तर सव्वासात मीटरच्या वर, आणि माझ्या दुकानाची लांबी अठरा फूट. मिरज ते लातूर 342 किलोमीटरचं अंतरही एकदा काढून बघितलं. माझ्या मापात मिरज जवळजवळ चार किलोमीटरवर येतं.

पहिली अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटरचा, 1:87 मध्ये तो 19.3 मिलिमीटर व्हायला पाहिजे. बाजारात तयार मिळणारा एचओचा रूळ 16.5 मिलिमीटरचा. तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजचा आहे. म्हणजे आपली गाडी त्यावर ठेवली की समोरून पाहताना रुंद अंगाची आणि अरुंद पायांची दिसते. हाताने 19.3 चा रूळ बनवणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मग प्रत्येक चाकजोडी आणि प्रत्येक सांधा स्वतः बनवावा लागतो. मी 16.5 वरच राहिलो. बाजूने बघताना फरक जाणवत नाही आणि माझी गाडी बाजूनेच बघायची आहे.

आता टाकी. बीटीपीएनच्या टाकीचा व्यास 2.85 मीटरच्या जवळपास, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण 33 मिलिमीटर. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर खिशात घालून गंजगोलाईच्या बाजारात हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. सीपीव्हीसीचा एक इंची पाइप 28.6 भरला, बारीक पडला. घरातल्या नळफिटिंगला जो जाड भिंतीचा एक इंची यूपीव्हीसी पाइप वापरतात, तो बाहेरून 33.4 भरला. मला याहून जवळचं काही मिळणार नव्हतं. दुकानदाराने विचारलं, “भाऊ, एवढं मोजून काय करायलाव? पाणीच जायचंय ना त्यातून?” मी म्हटलं, पाणीच आणणारी गाडी करायचीय. त्याने पाइपाचे उरलेले तुकडे तसेच देऊन टाकले.

टाकीची दोन्ही तोंडं फुगीर असतात आणि सगळं सोंग तिथेच उघडं पडतं. पाइपाची तयार टोपी चालत नाही, ती बाहेरून बसते आणि कडा दिसते. मी पाइपाच्या आत बसेल अशी पीव्हीसीची चकती कापली, ती तोंडाशी चिकटवली आणि वर एम-सीलचा गोळा चढवला. उन्हाळ्यात पत्र्याखाली एम-सील भरभर धरतं, म्हणून एका वेळी एकाच तोंडाचं मळायचं. पूर्ण घट्ट झालं की पाइप ड्रिल मशीनवर धरून हळू फिरवायचा आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाई आणायची, मग 400, मग पाण्यात भिजवून 600. पुठ्ठ्यावर एक कमान कापून ठेवली होती, ती फिरत्या तोंडाला लावून उजेडाकडे बघायचं. कमान आणि तोंड यांच्यामध्ये उजेडाची फट दिसेनाशी झाली की ते तोंड झालं. वीस तोंडं सारखी येणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेलं काम.

शिड्या आणि कठडे मी वाइंडिंगच्या तारेचे केले. 26 गेजची तांब्याची तार 0.46 मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्यात 40 मिलिमीटरचा दांडा. अगदी शोभतो. रिळावरची तार वाकडी असते. तिचं एक टोक वाइसमध्ये धरायचं, दुसरं पकडीत, आणि सरळ ओढायचं. एका क्षणी हाताला तार किंचित सैल पडल्यासारखी लागते. तिथेच थांबायचं. तार सुतासारखी सरळ होते आणि थोडी कडकही होते. सोल्डर करण्याआधी तिच्यावरचं इनॅमल ब्लेडने खरवडावंच लागतं, नाहीतर कथील चिकटत नाही. शिडीसाठी लाकडाच्या पट्टीवर खाचा करून साचा केला. दोन उभ्या तारा, आडव्या पायऱ्या, प्रत्येक सांध्याला पेस्ट आणि कथलाचा एवढासा ठिपका.

बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, आणि चाकं बाहेरूनच मागवावी लागली, आणि इथे एक गोष्ट फायद्याची निघाली. बीटीपीएनखालची कॅसनब बोगी ओतीव पोलादाची, तीन तुकड्यांची असते. अमेरिकेतल्या मालडब्यांच्या बोगीही त्याच घडणीच्या. त्यामुळे तिकडची रोलर बेअरिंगची तयार बोगी आपल्या डब्याखाली परकी वाटत नाही. फक्त चाकांकडे लक्ष द्यायचं. आपलं नवं चाक 1000 मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये 11.5. तिकडे 33 इंची आणि 36 इंची अशी दोन चाकं मिळतात, 36 इंची घ्यावीत, ती मॉडेलमध्ये 10.5 मिलिमीटर येतात. 33 इंची लावली तर डबा बसका दिसतो. कपलरचंही तसंच. या डब्यांना मध्यावरचा सीबीसी कपलर असतो, त्यामुळे अमेरिकन मुठीसारखा कपलर तसाच चालतो.

पार्सल यायला मात्र फार वेळ गेला. मधल्या काळात मी इंजिनाचं बघितलं. इंजिन डिझेलचं, अॅल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातलं, 17.12 मीटर लांब, मॉडेलमध्ये 197 मिलिमीटर. जुन्या सहा आसांच्या अमेरिकन इंजिनाची चालती चेसिस मिळाली, तिच्यावर लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाची बॉडी बांधली. कार्डाला आतून-बाहेरून पातळ फेव्हिक्विक पाजलं की ते प्लॅस्टिकसारखं टणक होतं आणि घासता येतं. आमच्याकडे लग्नसराईनंतर या कच्च्या मालाला तोटा नाही.

वजनाचं काम मला स्वतंत्र सांगायचं आहे. रिकामा पाइप हलका असतो, वळणावर घसरतो. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा हिशोब असा: एचओच्या डब्याला एक औंस, अधिक प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस. माझा डबा साडेपाच इंचांपेक्षा थोडा जास्त, म्हणजे साधारण 108 ग्रॅम. जळक्या मोटरींतून निघालेली बेअरिंगं दुकानात पडलेलीच असतात. ती फोडून छर्रे काढले, पाइपाच्या तळाशी इपॉक्सीत बसवले, म्हणजे भार खाली राहतो. शेवटचं माप सराफाच्या काट्यावर केलं. तो ओळखीचा आहे, त्याने एकेक डबा काट्यावर घेतला आणि ग्रॅमच्या खालचे आकडेही कागदावर मांडून दिले.

वजन करताना पुतण्याने विचारलं, “काका, टाकीत सत्तर हजार लिटर मावतंय म्हणता, मग पन्नासच का आणलं?” प्रश्न चांगला होता. त्याला आसांचा हिशोब मांडून दाखवला. डब्याला चार आस, एका आसावर 20.32 टन भार चालतो, एकूण 81.28 टन. रिकामा डबाच 27 टनांचा. उरले 54 टन. टाकी पेट्रोलच्या मापाने केलेली आहे, पेट्रोल हलकं. पाणी लिटरला किलो भरतं, म्हणून टाकी काठोकाठ भरायला जावं तर आस सोसणार नाहीत. पेट्रोल, डिझेलच्या या डब्यांना पाण्यासाठी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन काढलं होतं, हेही त्याला तेव्हाच सांगितलं. तो सातवीत आहे. पुढे घरी आलेल्या प्रत्येकाला हा हिशोब तोच सांगायला लागला.

रंगाचं काम फक्त पहाटे. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा असला की एअरब्रशमधून निघालेला रंग हवेतच वाळतो आणि डब्यावर भुकटी बसते, हात फिरवला की खरखरीत लागतं. पीव्हीसीवर रंग धरावा म्हणून आधी 400 ने घासून, साबणाने धुऊन, प्रायमर. वर्तमानपत्रांतले त्या दिवसांचे फोटो समोर ठेवून रंग लावला. वरची धूळ मात्र खरी आहे. दुकानामागची काळी माती वाळवून मलमलीच्या कापडातून चाळली आणि सुक्या ब्रशने बोगीवर, टाकीच्या खालच्या अंगावर घासली. वरून मॅट वार्निशचा पातळ हात.

खडीला क्रशरची चुरी चहाच्या गाळणीने चाळून घेतली. दगड आपलाच, काळा बेसॉल्ट, रंगाला दुसरं काही शोधायची गरज नाही. पण आपल्या बेसॉल्टमध्ये लोहचुंबकाला ओढले जाणारे कण असतात, आणि इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतं. म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून चुरीवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. दर वेळी काळी मिशी उगवल्यासारखे कण चिकटून यायचे. ते येणं थांबल्यावरच चुरी रुळांत टाकली आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, असं सिरिंजने सोडलं.

रूळ हिवाळ्यात बसवले, त्यामुळे सांध्यांत फट ठेवणं भाग होतं. निकेल सिल्व्हरचा 1800 मिलिमीटर रूळ डिसेंबरच्या सकाळपासून मेच्या दुपारपर्यंत जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. पत्र्याचं छत असलेल्यांनी हे विसरू नये. प्रत्येक सांध्यात पत्रिकेच्या कार्डाचा तुकडा घालून रूळ ठोकला आणि मग तुकडा काढून घेतला.

वीज जाण्याचा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांनाच. गाडी 12 व्होल्ट डीसीवर चालते, आणि शेतकऱ्याच्या घरी 12 व्होल्टची बॅटरी असतेच: पाठीवरच्या फवारणी पंपाची. एका गिऱ्हाइकाने जुना पंप टाकून दिला होता, त्याची बॅटरी अजून चांगली होती. तिला मोटरीचा वेग कमी-जास्त करायचा छोटा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि फ्यूज लावला. फ्यूज लावाच. बॅटरीवर शॉर्ट झाला तर तार क्षणात लाल होते.

गाडी दुकानाच्या भिंतीलगतच्या फळीवर चालते. मोटर घेऊन आलेले लोक थांबतात आणि बघतात. मुरूडकडचे एक वयस्कर शेतकरी बराच वेळ वाकून बघत उभे होते. “ही मिरजेची पाण्याची रेल्वे ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, त्या वर्षी त्यांनी लेकीचं बाळंतपण लातुरात करायचं ठरवलं होतं आणि पाण्यापायी तिला सासरीच ठेवली. मग त्यांनी डबे मोजले. दहा भरले तशी मान हलवली आणि मोटरीची पावती मागितली.

घरात या कामाला सगळ्यात नेमकी सूचना बायकोची. मी रुळांशेजारी घागरींची रांग मांडायला काढली होती. काचमणी आणले होते, तीन मिलिमीटरचे, निळे आणि हिरवे, कारण लोकांच्या हातात तेव्हा प्लॅस्टिकच्याच घागरी होत्या. ती म्हणाली, “अहो, गाडीपाशी कुणाला जाऊ देत होते? पोलीस होते तिथे. आपल्याला पाणी गल्लीत टँकरने यायचं.” खरंच होतं. गाडीचं पाणी आधी विहिरीत उतरायचं, शुद्ध होऊन मग टँकरने वस्त्यांत जायचं. म्हणून घागरींसाठी दुसरी फळी घेतली आहे. एक गल्ली, उभा टँकर आणि रांग. रांगेत कोण कुठे उभं राहायचं, हे तिनेच कागदावर काढून दिलंय. आमच्या गल्लीतलं आहे, मी त्यात बदल करणार नाही.

सध्या त्या टँकरच्या मागच्या नळाचं काम चालू आहे. पाइपासाठी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बघितली, ती जाड पडते. वाइंडिंगच्या तारेवरची स्लीव्ह, एक मिलिमीटरची, बरोबर बसते आणि वाकवल्यावर तशीच राहते. कुणाला हे डबे करायचे असतील तर चाकं आणि बोगी आधी मागवा, कारण त्यांनाच वेळ लागतो. पाइप कुठल्याही गावात मिळेल, फक्त व्हर्नियर लावून घ्या.