सात ऑगस्ट की आठ जुलै

न्यू जर्सीत आमच्या भागातल्या एका सॉकर क्लबात मी रजिस्ट्रार आहे. कोच वगैरे नाही, ऑफसाइड मला आत्ता आत्ता कळायला लागलाय, पण क्लबातलं कुठलंही पोर मॅचला उतरतं ते माझ्याकडून कार्ड निघाल्यावरच. वयाचा पुरावा, मेडिकल फॉर्म, फोटो, फी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पार्ट टाइम काम आहे असं म्हणतात. मे महिन्यात, म्हणजे ट्रायआउटच्या, पोरांच्या निवड चाचणीच्या दिवसांत, येऊन बघा म्हणावं कसलं पार्ट टाइम ते.

ट्रायआउटबद्दल बाहेरच्यांना वाटतं की सगळी पोरं एका रेषेत उभी राहतात आणि जो चांगला खेळेल तो आत. तसं काही नसतं. जुन्या पोरांतल्या बऱ्याच जणांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांचे कोच वर्षभर त्यांना बघतच असतात. कपड्यांवरून घालायच्या पिनी, म्हणजे नंबरवाली बिनबाह्यांची जाकिटं, आम्ही वाटतो ना, त्यात जुन्यांना लहान नंबर आणि नव्यांना पन्नासच्या पुढचे. म्हणजे मैदानात फोन घेऊन मार्क देणाऱ्या कोचला लांबूनच कळतं की हा आपला आणि हा पाहुणा. पालकांना हे कोणी सांगत नाही, ते बिचारे पार्किंगपाशी खुर्च्या टाकून मान उंचावून बघत बसतात.

यंदा त्यात भर म्हणजे वयोगटच बदलले. २०१७ पासून इथे जन्मवर्षाने गट पाडायचे, जानेवारी ते डिसेंबर. त्यात वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेली पोरं अडकायची, टीममधले बाकीचे हायस्कूलला गेले की ही आठवीतली मागे एकटी उरायची. म्हणून २०२६-२७ च्या सीझनपासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे गट केले, शाळेच्या वर्गाच्या जवळ जावं म्हणून. हेतू चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यामुळे चालू टीम मधूनच चिरल्या गेल्या, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली पोरं एक इकडे एक तिकडे, आणि त्यांच्या आयांचे फोन कोणाला? रजिस्ट्रारला.

तर अंडर-१३ च्या मुलांची ट्रायआउट होती. एक मराठी कुटुंब रांगेत होतं, दुसऱ्या क्लबातून आमच्याकडे यायला बघत होते, कारण मुलाचे शाळेतले दोन मित्र आमच्याकडे आहेत. वयाच्या पुराव्याची अपलोड केलेली प्रत धूसर होती म्हणून मी पासपोर्ट घेऊन या असं कळवलं होतं. माझं आडनाव बघून त्या बाई लगेच मराठीत सुरू झाल्या, "ताई, बरं झालं बाई तुम्ही आहात." त्या सांगलीच्या. मुलगा बारीक चणीचा, बुटाची लेस दातात धरून सोडवत होता, त्याला मी त्रेसष्ट नंबरची पिनी दिली.

सिस्टिममध्ये त्याची जन्मतारीख आठ जुलै २०१४. पासपोर्टावर ०७/०८/२०१४. बरोबर जुळतंय, टिक करायची आणि पुढे. आधीच्या क्लबातल्या रजिस्ट्रारनेही तेच केलं असणार. पण त्याच पानावर खाली पासपोर्ट दिल्याची तारीख होती आणि तिच्यात पहिला आकडा २१. एकविसावा महिना तर नसतो. आपल्याकडे दिवस आधी, इथे महिना आधी, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे, पण रांगेत वीस माणसं उभी असताना डोळा आकडा बघतो, अर्थ बघत नाही. मी सहज विचारलं, ह्याचा वाढदिवस कधी हो? बाई म्हणाल्या, "ऐन श्रावणातला आहे, नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी झाला." म्हणजे सात ऑगस्ट. वडिलांनी काही वर्षांपूर्वी फॉर्म भरताना सवयीने दिवस आधी टाकला आणि ते तसंच व्हेरिफाय होऊन बसलं. इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नाही, कारण दोन्हीकडून जन्मवर्ष २०१४ च. यंदा मात्र मधोमध १ ऑगस्टची रेघ आली. आठ जुलैचा मुलगा अंडर-१३, सात ऑगस्टचा अंडर-१२.

फरक किती मोठा आहे ते सांगते. अंडर-१२ म्हणजे नऊ-नऊचा खेळ, छोटं मैदान, चार नंबरचा बॉल. अंडर-१३ म्हणजे अकरा-अकरा, मोठं मैदान, मोठे गोल, पाच नंबरचा बॉल, आणि काही पोरांना मिसरूड फुटलेली.

एकदा व्हेरिफाय झालेली तारीख मला बदलता येत नाही, राज्याच्या सॉकर संघटनेच्या ऑफिसला पासपोर्टची प्रत जोडून मेल टाकावी लागते. ती मी तिथेच टेबलावर बसून टाकली. तोवर तो मैदानावर गेला होता, खेळू दे म्हटलं.

रात्री मार्कांची शीट आली. त्रेसष्ट नंबर, टेक्निक ४, निर्णय ४, फिजिकल २, शेरा असा की लहान आहे, धक्क्याला टिकत नाही, सेकंड टीम. पाचपैकी मार्क असतात. मी आमच्या डायरेक्टरला फोन करून तारखेचा घोळ सांगितला. हा माणूस चांगला कोच आहे, पोरांशी प्रेमाने वागतो, पण टीम शीट समोर आली की वाण्यासारखा हिशेबी होतो. आधी त्याला वाटलं पालकांनीच लबाडी केली. मी म्हटलं अरे बाबा, लबाडी करणारा पोराला मोठा कशाला दाखवेल? मग तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, थांब, म्हणजे हा अंडर-१२ आहे? अंडर-१२ च्या फर्स्ट टीममधला एक मुलगा नुकताच दुसऱ्या क्लबात गेला होता. माझ्या डोळ्यांदेखत अॅपमध्ये फिजिकल २ चं ३ झालं आणि शेऱ्यात आलं की वयाच्या मानाने प्रगल्भ, फर्स्ट टीम. पोरगं तोवर घरी जाऊन झोपलं असेल.

मला तेच पचत नाहीये. तोच मुलगा, तीच संध्याकाळ, दीड तास खेळला तो खेळला. मार्क देणाऱ्यांनी त्याला पुन्हा बघितलंही नाही. एका महिन्याच्या फरकाने तो टिकत नाही वरून प्रगल्भ झाला. उलटा विचार केला तर आपल्या कुठल्या कुठल्या जूनच्या पोरांना आपण "लहान आहे" म्हणून सेकंड टीमला टाकलंय आणि त्यांच्या पासपोर्टात काहीच चूक नाही, त्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी ऑफर गेली, अठ्ठेचाळीस तासांची मुदत, पहिला हप्ता भरल्याशिवाय जागा पक्की नाही आणि तो परत मिळत नाही. वडील एकदम खूश, फर्स्ट टीम म्हणजे काय! संध्याकाळी बाईंचा फोन. "ताई, तो रडतोय. म्हणतो सहावीतल्या पोरांबरोबर नाही खेळणार." आणि पोराचं खरं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच शाळांत १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण झाली की बालवाडीत घेतात, त्यामुळे हा ऑगस्टचा मुलगा सप्टेंबरपासून सातवीत, आणि नव्या गटातली जवळजवळ सगळी सहावीत. शाळेच्या वर्गाशी जुळवायला केलेल्या नियमाने ह्यालाच वर्गमित्रांपासून तोडला. सिस्टिम बनवणाऱ्यांना सांगायला गेलं तर म्हणतील, सगळ्या राज्यांना एकच तारीख कशी लावणार. तेही खरं, पण त्रास माझ्या टेबलावर येतो.

उपाय होता, वरच्या गटात खेळायची परवानगी. फॉर्म आहे, डायरेक्टरची सही लागते. मी विचारलं, अंडर-१३ सेकंड टीमला देऊया का, त्याचे मित्र तिथेच आहेत, कालपर्यंत आपण तिथेच घेणार होतो. तो म्हणाला, फर्स्ट टीमचा मुलगा सेकंडला कोण देतं, आणि ह्याला दिलं तर उद्या प्रत्येक बाप हाच फॉर्म घेऊन दारात. दुसरं कारण खरं आहे, मी ते बाप बघितलेत. पहिल्या कारणावर मी काही बोलले नाही, पण ते मुलाचं कारण नव्हतं, अंडर-१२ च्या टीमचं होतं.

बाईंना मी एवढंच सांगितलं की जुन्या क्लबाची मुदत किती वाजता संपते ते बघा, तिथेही हा फॉर्म असतो. ते परत तिकडे गेले. तिथल्या डायरेक्टरने सही केली, तारीख दुरुस्त होऊन अंडर-१३ मध्येच राहिला, मित्र मात्र आमच्याकडे. म्हणजे ज्यासाठी क्लब बदलायचा होता तेही झालं नाही. वडील मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले तर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले, फर्स्ट टीम माझ्यामुळे गेली असं त्यांना वाटतं बहुतेक. आणि डायरेक्टर मला म्हणतो, तू पासपोर्ट एवढा निरखून कशाला बघतेस? अरे, पगार कशाचा देतोस मग?

त्यानंतर एका रात्री मी आमच्याच क्लबातल्या भारतीय पासपोर्टवाल्या पोरांची यादी काढली, ज्यांच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आतले आहेत. सगळे पासपोर्ट पुन्हा उघडून बघितले. तीन पोरांच्या तारखा उलट्या पडल्यात आणि त्या सरळ केल्या तर तिघांचेही गट बदलतात. एक तर अंडर-१२ फर्स्ट टीमचा गोलकीपर आहे, तो वरच्या गटात जातोय. टीम लागल्यात, फी भरल्या गेल्यात, कपडे ऑर्डर झालेत. राज्याच्या ऑफिसचा मेल ड्राफ्टमध्ये आहे, ३१ जुलैपर्यंत पाठवायला हवा. डायरेक्टरला अजून सांगितलेलं नाही, पालकांना आधी सांगावं असं माझ्या मनात आहे, आणि गोलकीपरची आई दर शनिवारी माझ्या टेबलासाठी कॉफी घेऊन येते.