तो गुलाबी दिवा रात्रभर का चालू असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. जिन्यात विचारलंत, गणपतीच्या वर्गणीला आलात तेव्हा विचारलंत. परवा समोरच्या काकूंनी तर सासूबाईंनाच गाठलं: "अहो, माशांची टाकी रात्री काळोखात आणि खालच्या कपाटात मात्र सकाळपर्यंत दिवा? उलटं कसं?"

उलटंच आहे आणि मुद्दाम आहे. वरचा दिवा सकाळी १० ते रात्री ८, खालचा रात्री ९ ते सकाळी ७. कपाटात दुसरी छोटी टाकी आहे, तिला रेफ्युजियम म्हणतात. वरचं खारं पाणी सतत तिच्यातून फिरतं आणि तिथे मी शेवाळ वाढवते. माशांच्या घाणीतलं नायट्रेट, फॉस्फेट ते शोषून घेतं. पंधरा दिवसांनी मूठभर उपटून फेकलं की तेवढी घाण घराबाहेर जाते. (कुंडीत घालू नका, मीठ असतं.) उजेडात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून ऑक्सिजन सोडतं. अंधारात तेही माशांसारखं ऑक्सिजनच घेतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठला की पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप) खाली येतो. दोन्ही दिवे दिवसा लावायचे तेव्हा माझ्या टाकीचा पीएच संध्याकाळी ८.३ आणि पहाटे ७.८ यायचा. आता ८ ते ८.२ मध्ये राहतो.

एवढंच असतं तर जिन्यातच सांगितलं असतं.

चार वर्षांपूर्वी कपाटात कॉलर्पा नावाचं शेवाळ होतं. देताना दुकानदाराने बजावलं होतं, दिवा २४ तास चालू ठेवा. कॉलर्पाला देठ, पानं असल्यासारखं दिसतं, पण अख्खं झुडूप म्हणजे एकच पेशी, मध्ये भिंती नाहीत. ते प्रजननाला लागलं की आतलं सगळं बीज होऊन पाण्यात सुटतं, मागे रिकामं टरफल राहतं. सतत उजेडात ते टळतं, असा जुन्या लोकांचा अनुभव. दीड वर्ष मी दिवा विझवला नाही.

मग मे महिना आला. उकाड्याने सासूबाईंची खाट हॉलमध्ये आली. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तर डोळ्यांवर पदर ओढून पडल्या होत्या, जाग्याच. दुसऱ्या दिवसापासून मी रात्री १० ला दिवा बंद करायला लागले.

तिसरी रात्र गुरुवारची. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने, म्हणून पहाटे साडेपाचला भरायला उठले. टाकीची काच धुरकट दिसली. हात फिरवला. धुकं आतल्या बाजूला होतं, हिरवट दुधासारखं. दोन्ही क्लाउन मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. पिवळा टँग मासा दगडाला टेकून आडवा, कल्ले मात्र हलत होते. कपाट उघडलं. रात्री गर्द हिरवं असलेलं शेवाळ कांद्याच्या पापुद्र्यासारखं पांढरं, आरपार. पाणी बदलायला हवं होतं, पण मीठ कालवून ठेवलेली एकच बादली, आणि नवं करायला नळाला पाणी नाही. मग मगाने टाकीतलंच पाणी उंचावरून ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. सासूबाई उठल्या. काही न विचारता दुसरा मग घेऊन आल्या. आठ वाजेपर्यंत आम्ही दोघी ओतत होतो. क्लाउन वाचले. टँग सातच्या सुमाराला गेला.

"दिवा बंद केलास म्हणून झालं," असं मला सांगितलं गेलं. मला हे पूर्ण पटत नाही. समुद्रात रोज रात्र होतेच की. पनामाच्या प्रवाळांवर केनेथ क्लिफ्टन या जीवशास्त्रज्ञांनी हिरव्या शेवाळांचं असंच बीज सोडणं पाहिलं, १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. तेही पहाटेच व्हायचं. आणि मी दोन महिने शेवाळ उपटलंच नव्हतं. त्याच आठवड्यात नायट्रेट शून्य आलं होतं आणि मी वहीत आनंदाने बरोबरची खूण केली होती. शेवाळ उपाशी होतं, मला ते स्वच्छ पाणी वाटलं. पण मग दीड वर्ष काही नाही आणि नेमकं तिसऱ्या रात्री का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हाच्या मला मी म्हणते, रोज एकेक तास कमी करायचा होतास. ती म्हणते, आणि तोवर सासूबाईंनी झोपायचं कसं?

आता चीटो नावाचं शेवाळ आहे, तारेच्या घासणीसारखा गुंता. तो सहसा असं करत नाही. उलट्या वेळेनेच सगळं सावरलं, असंही मी म्हणणार नाही. डिसेंबरात खिडक्या लावल्या की घरात आमच्याच श्वासांचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दिवा असूनही पीएच ७.९ वर येतो. बिलाचं विचारणाऱ्यांना: १८ वॅट, १० तास, महिन्याला साडेपाच युनिटसुद्धा नाहीत.

खाटेच्या बाजूला पुठ्ठा लावलाय, म्हणून उजेड खिडकीकडून तुमच्याकडे येतो. झोपेत त्रास होत असेल तर सांगा, त्याही बाजूला लावते. दिवा मात्र बंद करणार नाही.