आमची वाटचाल : शेवटचा हात कुठं लागला?

आमच्या सोलापूरच्या गॅरेजात ट्रक आला की केबिन उचलण्याआधी वही उघडते. गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तक्रार हे रकाने सगळ्यांच्याच वहीत असतात. आमच्या वहीत चौथाही एक आहे, 'शेवटचा हात'. तक्रार सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी लावला, कधी लावला आणि काय खोललं, ते त्यात लिहायचं. हा रकाना २०१२मध्ये आला. त्याआधीची नऊ वर्षं आम्ही त्याच्याशिवाय काढली आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

मी मूळचा पंप-नोझलचा माणूस, म्हणजे इंजिनाला डिझेल दाबून देणारा पंप आणि ते फवारणारी नोझल यांचा. दुसऱ्याच्या खोलीत सात वर्षं पंप बांधले, मग २००३मध्ये धाकट्या भावाला घेऊन हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या पुढं पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. एक व्हाइस, एक नोझल टेस्टर, दोन पेट्या पाने. सोलापूर चहूबाजूंनी ट्रकच्या वाटेवरचं गाव आहे. पुण्याहून हैदराबादला, विजयपूरहून तुळजापूरमार्गे वर धुळ्याकडं, अक्कलकोटकडून, सांगलीकडून, सगळीकडून गाड्या येतात. यार्डातला कांदा, होटगीचं सिमेंट, कारखान्याची साखर, चादरी-टॉवेलच्या गाठी. काम कधी कमी पडलं नाही.

त्या वेळची इंजिनं साधी होती. डिझेल संपून गाडी बंद पडली तर ड्रायव्हर स्वतःच खाली उतरायचा, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा, हँड पंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा आणि गाडी चालू. एखादा सिलेंडर मिस होत असेल तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून बघायचा. ज्याला सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलेंडर मेलेला. नोझल दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडायची. हे सगळं आपल्या ड्रायव्हरांना बापाकडून, मामाकडून शिकायला मिळालेलं. म्हणून 'स्वतः हात लावू नका' असं आम्ही कधीच कुणाला म्हटलं नाही. ज्याची गाडी त्यालाच तिचा आवाज आधी कळतो.

पण इंजिन बदललं. २०१०मध्ये भारत स्टेज चारच्या, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या कडक नियमांच्या, शहरांच्या यादीत मुंबई-पुण्यासोबत सोलापूरचंही नाव आलं. पुढं २०१७मध्ये ते देशभर झालं आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा. मधल्या काळात कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी. रेलमध्ये सोळाशे बार आणि त्याहून जास्त दाब. तिथं चालू इंजिनावर नट सैल केलं तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. दिसायला सुईचं टोक, पण बोट काढावं लागू शकतं. जुनी सवय घेऊन नव्या इंजिनाकडं जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पहिल्यांदा सांगतो. बाकीचं नंतर.

आता २०१२ची गोष्ट. मोहोळकडचे एक मामा, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. एकच गाडी, तीही कर्जाची. तक्रार अशी की गाडी खाली असताना पळते, लोड घेऊन तुळजापूरचा घाट चढायला लागली की निम्म्यात दम सोडते, कधी बंदच पडते. आम्ही स्कॅनर लावला. रेलचा दाब कमी असल्याचा कोड आला. इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे न फवारता परत जाणारं डिझेल, मोजलं, दोन इंजेक्टरचं थोडं जास्त वाटलं. सगळे काढले, बाहेरगावी दुरुस्तीला पाठवले, बसवले. मोठं बिल झालं. चौथ्या दिवशी मामा परत दारात.

"मिस्त्री, घाटात गाडी ओढंना झालीय ओ, हाय तशीच."

भावानं त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, "मामा, हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय केलं होतं?"

"काय नाय ओ. अमावस्येला गाडी धुतली, पूजा केली अन् डिझेल फिल्टर तेवढा मीच बदलला. कुठं गळत नाय, बघितलंय मी."

आम्ही फिल्टर उतरवला. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग हेडलाच चिकटून राहिलेलं आणि त्याच्यावर नव्याचं रिंग बसलेलं. एकावर एक दोन रिंगा. अठरा रुपयांची सुद्धा वस्तू नाही.

'कुठं गळत नाही' हे मामांचं म्हणणं खरं होतं, आणि फसलो तेही तिथंच. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढीची असते. तिथं फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब पडत नाही, पाइप कोरडा ठणठणीत दिसतो. इंजिन आयडलला असताना डिझेल कमी लागतं, ओढ कमी, फटीतून हवा जवळजवळ येतच नाही. लोड घेऊन चढाला लागलं की मागणी वाढते, ओढ वाढते, फट बोलायला लागते. डिझेलबरोबर बुडबुडे पंपात जातात, दाब कोसळतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिनाची ताकद काढून घेतो. गॅरेजात उभी असताना गाडी शहाणी आणि घाटात आजारी, ती यामुळं.

त्या दिवसापासून आमच्याकडं हातभर पारदर्शक पाइपचा तुकडा खिळ्याला टांगलेला असतो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तो बसवायचा, इंजिन रेस करायचं आणि नुसतं बघत राहायचं. चांगल्या गाडीत डिझेल काचेसारखं जातं. हवा धरत असेल तर आधी बारीक मोती येतात, रेस वाढवली की पांढरा फेस. तो पाइप लावायला दहा मिनिटं लागतात. मामांच्या गाडीला तो आधी लावला असता तर इंजेक्टर जागचे हलले नसते. आमची मजुरी आम्ही परत केली. इंजेक्टरचा खर्च पुढच्या दीड वर्षात त्यांच्या गाडीचं काम फुकट करून फेडला. वहीत चौथा रकाना त्याच आठवड्यात आखला.

तो रकाना भरायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं की लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना ते कामच वाटत नाही. दसऱ्याचंच घ्या. खंडेनवमीच्या आधी गाडी रंगवायची आपली रीत. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत दरवर्षी दोन-तीन गाड्या अशा येतात की चालता चालता मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो, पिकअप जातो, चावी बंद करून परत लावली की ठीक. सेन्सर बदलून झालेले असतात. खरं कारण म्हणजे चेसिसला रंग मारताना अर्थिंगची पट्टी काढली आणि रंगावरच परत आवळली. रंगातून करंट जात नाही. मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टाच्या आत राहायला हवा. दोन-अडीच व्होल्ट दाखवले की पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासायचा. बिल चहापाण्याएवढं. बंपरला गार्ड वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, तेही तेव्हाच सांगून टाकतो. नाहीतर ईसीएम जळतो, आणि तो मात्र चहापाण्यात येत नाही.

एअर फिल्टरबद्दल एवढंच: सोलापूरच्या धुळीत तो लवकर भरतो, मान्य, पण कंप्रेसरची नळी जवळ धरून मारू नका. कागदाला भोकं पडतात, ती डोळ्याला दिसत नाहीत आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची पाती धूळ खातात.

गाडीची ताकद वाढवायच्या नादातली एक गाडी मनातून जात नाही. बार्शीकडचा तरुण पोरगा, वडील नुकतेच वारलेले, गाडी त्याच्याकडं आली. रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीएमच्या मध्ये बसवायचा एक डबा त्यानं घेतला होता. तो डबा ईसीएमला खरा दाब न दाखवता कमी दाखवतो, म्हणून ईसीएम दाब आणखी वाढवतो, डिझेल जास्त पडतं. पोराची तक्रार काळा धूर, ॲव्हरेज गेलेलं आणि चढाला इंजिन गरम. डबा काढला, तरी गाडी ओढत नव्हती. मी विचारलं, "डबा का घेतलास?" तर म्हणाला, "पिकअप गेलता म्हणून, काका." मग त्याच्याही मागं गेलो. पिकअप कधी गेला? तर रेडिएटर आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, घरी काढून धुतल्यावर.

इंटरकूलरच्या होजखाली काळा, तेलकट ओला डाग होता, तळहाताएवढा. टर्बोतून हवेबरोबर येणारी तेलाची वाफ तिथं बसते. डाग असेल तिथं हवा निसटते. टर्बोच्या तोंडाला प्लेट लावून दीड बार हवा भरली, साबणाचं पाणी मारलं, तर क्लिपच्या बरोबर खाली होजला चीर आणि तिथून फुगे. क्लिप अरुंद पट्टीची होती, रबर कापून गेली होती. हवा कमी पडली म्हणून ताकद गेली, ताकद गेली म्हणून डबा आला, डब्यानं डिझेल वाढवलं, हवा तेवढीच, म्हणून धूर आणि उष्णता. नवा होज आणि रुंद पट्टीची क्लिप टाकली. डबा त्याच्या हातात दिला आणि परत लावू नकोस म्हणून हात जोडून सांगितलं. अजून महिनाभर तसा चालवला असता तर पिस्टन गेले असते.

स्टेज सहाच्या गाड्या आल्यावर आम्हाला एक निर्णय घ्यावा लागला. या गाड्यांत धूर साफ करायला डीईएफ नावाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. पैसे वाचवायला काहींनी खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून ओतला. खताचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावलेला, आणि आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार किती ते प्रत्येक घरातल्या हंड्याला माहीत. डीईएफच्या इंजेक्टरवर पांढरे खडे धरतात, धूर साफ करणारी यंत्रणा बाद होते, गाडी ताकद कमी करून घेते. मग लोक म्हणतात, ती यंत्रणाच बंद करून द्या. ते काम आम्ही करत नाही. बेकायदा आहे, आणि तो धूर याच रस्त्यावरच्या पोरांच्या छातीत जातो. या नकारामुळं दोन मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या आमच्याकडं यायच्या थांबल्या. २०२१चं वर्ष फार ओढाताणीत गेलं.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. डिप्लोमा झालेली पुतणी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये आली. कोड पडला त्या क्षणी स्पीड किती, लोड किती, तापमान किती, हे ती आधी वाचते आणि मगच पाना उचलू देते. दुसरी गोष्ट लॉकडाउनमधली. ढाबे बंद, गॅरेज बंद, धान्य-भाजीच्या गाड्या तेवढ्या रस्त्यावर. अडकलेले ड्रायव्हर व्हिडिओ कॉल करायचे आणि आम्ही इथं बसून त्यांच्या हातानं एअर काढायचो. त्यातून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शिकवायचं ठरलं, फी नाही. फिल्टर बसवताना जुनी रिंग बघणे, नव्या फिल्टरात मोकळं डिझेल न ओतता हँड प्रायमरनंच भरणे, काय काय खोललं त्याचा मोबाइलवर फोटो ठेवणे. 'मग तुमच्याकडं गाड्या कशाला येतील?' असं शेजारचे विचारायचे. गाड्या येतात, आणि आता माहिती घेऊन येतात.

गेल्या महिन्यात मोहोळच्या मामांच्या मुलाचा फोन आला, तुळजापूरच्या घाटातूनच. लोडवर गाडी बंद पडत होती. त्यानं पारदर्शक पाइप आधीच लावून बघितला होता, व्हिडिओ पाठवला. बुडबुडा एकही नाही, पण पाइप दबून चपटा झालेला.

पुतणी म्हणाली, "दादा, टाकीचं झाकण सैल करा आणि कान लावून ऐका."

फोनवर आम्हालाही ऐकू आलं, हिस्स्. हवा आत गेली, गाडी सुरू झाली. डिझेल चोरीला जायला लागलं म्हणून त्यानं कुलपाचं नवं झाकण लावलं होतं, त्याला हवेचं भोकच नव्हतं, म्हणून डिझेल उपसलं तशी टाकीच आतून ओढ धरत होती. माल उतरवून संध्याकाळी तो इकडं आला. पुतणीनं वही उघडली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'टाकीचं झाकण, आठ दिवसांपूर्वी, स्वतः.'