दोन फाइली जोडायला तिसरी लागते

दोन गेटवे सर्व्हरचा, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या दारावर बसणाऱ्या मशीनचा, एक करायचा होता. दोन्हीवर प्रवेशनियमांची एकेक टेक्स्ट फाइल होती: कुठल्या नेटवर्क-पत्त्याला आत सोडायचं, कुठल्याला अडवायचं. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो आधी लागू पडेल तोच चालतो. दुसरा सर्व्हर उभा केला तेव्हा पहिल्याचीच फाइल कॉपी केली होती. पुढे दोन टीमनी आपापल्या फाइलीत आपापले बदल केले. नवा सर्व्हर त्याच रात्री सुरू व्हायचा होता आणि फाइली एकत्र करण्याचं काम माझ्याकडे आलं.

दोन फाइलींतला फरक दाखवणारी ‘डिफ -यू’ ही आज्ञा चालवली, तर अख्खी फाइलच बदललेली दिसली. प्रत्येक ओळ एकदा उणे चिन्हासह, एकदा अधिक चिन्हासह, आणि डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारख्या. असं झालं की मी मजकूर सोडून ओळीचा शेवट बघते. न दिसणाऱ्या खुणाही दाखवणाऱ्या ‘कॅट -ए’ने एका फाइलीत प्रत्येक ओळीअखेर, ओळ संपल्याच्या डॉलर चिन्हाआधी, कॅरेट (^) आणि एम दाखवलं. म्हणजे ती विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झाली होती. तिची प्रत काढून त्यावर ओळींचे शेवट युनिक्सच्या पद्धतीचे करणारं ‘डॉसटूयुनिक्स’ चालवलं, तेव्हा कुठे खरे फरक तेवढे उरले.

माझा सहकारी म्हणाला, “मॅडम, दोन्हीकडच्या सगळ्या ओळी घेऊ, सॉर्ट लावू, दुबार आलेल्या काढून टाकू. झालं काम.”

शब्दांची यादी असती तर मीही तेच केलं असतं. इथे मात्र क्रमातच अर्थ होता. सॉर्ट लावल्याबरोबर कुठला नियम कुठल्याच्या वर जाऊन बसेल याचा भरवसा नव्हता.

आणि क्रमापेक्षाही मोठी अडचण पुढे होती. बाहेरच्या एका कंत्राटदाराला आत सोडणारी ओळ पहिल्या फाइलीत होती, दुसरीत नव्हती. पहिल्या टीमने ती नंतर घातली, की दुसऱ्या टीमने मुद्दाम काढली? दोन्ही बाबतींत डिफ दाखवतो ते अगदी सारखंच असतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डिफ लिहिणाऱ्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ साली जेम्स हंट यांच्यासोबत त्यामागची रीत मांडली. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समाईक ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची, तिच्याबाहेर उरेल तो फरक. सुंदर रीत आहे ती. पण आधी काय होतं हे तिला कळायला मार्गच नाही, कारण तिच्यापुढे दोनच फाइली असतात.

म्हणून मी बॅकअपमधून ती मूळ फाइल शोधायला लावली, जिच्यापासून दोन्ही निघाल्या होत्या. मग तीन फाइली ताडून बदल एकत्र करणारं ‘डिफ३ -एम’ चालवलं. यात नावांचा क्रम पाळावा लागतो: एक बदललेली, मध्ये मूळ, मग दुसरी बदललेली. उत्तर लगेच आलं. कंत्राटदाराची ओळ मुळात होती, म्हणजे दुसऱ्या टीमने ती काढली होती. विचारल्यावर कळलं, त्याचं काम कधीच संपलं होतं. सगळ्या ओळी गोळा केल्या असत्या तर बंद केलेलं दार आम्हीच पुन्हा उघडलं असतं.

एका ठिकाणी दोन्ही टीमनी एकच ओळ वेगवेगळी बदलली होती. तिथे डिफ३ने हात लावला नाही, दोन्ही रूपं खुणांच्या मध्ये ठेवली आणि बाहेर पडताना १ हा, संघर्ष उरल्याचं सांगणारा, कोड दिला. हे मला त्याचं सर्वांत आवडतं. संघर्ष आहे तिथे तो निर्णय माणसावर सोडतो.

जिथे त्याला संघर्ष दिसत नाही, ती जागा मात्र जास्त धोक्याची. एका टीमने वरच्या भागात पत्त्यांचा मोठा पट्टा अडवणारा नियम घातला होता. दुसरीने त्याच पट्ट्यातल्या एका मशीनला सोडणारा नियम खूप खाली. ओळी दूर, म्हणून दोन्ही बदल बिनबोभाट एकत्र आले. पण वरचा नियम आधी लागणार, आणि ते मशीन कायम बाहेरच राहणार. जोडलेली फाइल वरून खाली वाचली म्हणूनच ते दिसलं.

दोन्ही टीमशी बोलून तो नियम वर घेतला, ज्या पत्त्यांना सोडायचं होतं तिथून एकेक जोडणी करून पाहिली आणि मगच फाइल सर्व्हरवर चढवली. मूळ प्रत आता गिटमध्ये, म्हणजे फाइलीतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, पहिली कमिट (नोंद) आहे आणि दोन्ही टीमचे बदल तिच्यावर वेगवेगळ्या कमिटमध्ये आहेत.