सुताला पिठी

"साहेब, सुताला पिठी येतीय," सूत गुंडाळायच्या वाइंडिंग मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. सोलापुरात पिठी म्हटलं की आधी ज्वारीच आठवते. मावशींनी काही न बोलता तळहात पुढे केला. मरून धाग्याचा कोन, म्हणजे नळीवर घट्ट गुंडाळलेलं सूत, फिरवून त्यांचा हात पांढरा झाला होता.

टॉवेलच्या काठासाठी आम्हीच रंगवलेलं 200 किलो सूत होतं ते. कोन उभा कापला. बाहेरून गडद, नळीलगत फिक्कट, मध्ये पांढरट चट्टे. पोटात गोळाच आला.

कापसाला लावायच्या रिॲक्टिव्ह रंगाचं असं असतं, की तो पाण्यात साखरेसारखा विरघळतो आणि पाण्यातच राहू पाहतो. रंगही ऋणभारित आणि पाण्यात पडलेला कापूसही, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ठेवतात. मीठ घातलं की रंग धाग्याकडे सरकतो. मग 60 अंशाला सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, सोडायचा. पीएच 11च्या आसपास गेला की रंग कापसाशी कायमचा जोडला जातो. थोडा रंग मात्र पाण्याशीच लग्न लावून बसतो, तो सोपिंगने, म्हणजे उकळत्या धुलाईने, काढावा लागतो. सोड्याआधी चूक सुधारता येते, नंतर नाही.

पहिला संशय पाण्यावर गेला. आमचं बोअरचं पाणी जड, पण ते मऊ करणाऱ्या सॉफ्टनरनंतरची हार्डनेस, म्हणजे जडपणा, पाच पीपीएमच्या आत निघाली. मग मी रंगाच्या लॉटला दोष दिला आणि विक्रेत्याला बोलावून चार शब्द सुनावलेही. त्याने आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच रंगाने तीन सॅम्पल काढली. तिन्ही हुबेहूब! लॅबमध्ये शेड बसते आणि मशीनवर फसते, म्हणजे मशीनवरच्या माणसांची चूक, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

रंगाच्या मशीनवर अण्णा होते. नॅप्थॉल या जुन्या रंगांच्या काळापासून रंगात हात घातलेला माणूस. ते रागावले नाहीत. "मीठ नवीन आलंय ना हो?" एवढंच विचारलं. चहाचे दोन ग्लास धुतले. एकात लॅबच्या बरणीतलं मीठ, दुसऱ्यात गोदामातल्या पोत्यातलं. दोन्हीत सॉफ्टनरचं गरम पाणी. दोन्ही जवळपास सारखेच नितळ. मग दोन्हीत सोडा ॲशचं द्रावण ओतलं. पहिला ग्लास तसाच राहिला. दुसऱ्याचं ताक झालं.

स्वस्तातलं जाडं मीठ. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतंच, आणि सोडा भेटला की त्यांचा चुनखडीसारखा साका होतो. 1600 लिटर पाण्यात लिटरला 60 ग्रॅम, म्हणजे एका बॅचला 96 किलो मीठ. पाण्यातला कॅल्शियम काढायला आम्ही सॉफ्टनर चालवत होतो आणि मागच्या दाराने तोच पोत्याने ओतत होतो. कोन म्हणजे तर घट्ट गुंडाळलेली गाळणीच. साका थरांत अडकला, द्रावणाची वाट बंद झाली, रंग आतपर्यंत सारखा पोचलाच नाही.

लॅबची बरणी मात्र जुन्या, शुद्ध मिठाची होती. म्हणून सॅम्पल दरवेळी पास.

आता खरं सांगायचं तर ते मीठ घेण्याच्या चिठ्ठीवर सही माझीच होती. किलोमागे दर कमी होता, आणि मीठ आमच्याकडे झाडू, दोरा, पोती यांच्या वहीत लिहिलं जायचं, केमिकलच्या नाही. रंगाचा प्रत्येक डबा तपासणारा मी, मिठाचं पोतं उघडूनही पाहिलं नव्हतं. मालकांना हे सांगताना घसा कोरडा पडला. विक्रेत्याला फोन करणं त्याहून अवघड गेलं.

सूत ॲसिडने धुतलं, हायड्रो-कॉस्टिक या रंग काढायच्या रसायनांनी रंग उतरवला, तरी मळकट पिवळट छटा राहिलीच. शेवटी काळं केलं. मरून सुताची ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली.

मिठाची पुढची गाडी आली तेव्हा अण्णा ग्लास घेऊन गेटवरच उभे होते. पाणी नितळ राहिल्यावरच पोती उतरली. मी बरणीतलं जुनं मीठ मोरीत ओतलं आणि त्याच पोत्यातलं भरलं.