डिश उत्तरेला, ऑफिस सिडनीला

सोमवार

सकाळी सातला व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, जोडायला टाकलं आणि चहा ठेवला. लॅपटॉप डिशशी बोलणार, डिश उपग्रहाशी, उपग्रह जमिनीवरच्या स्टेशनशी, स्टेशन सिडनीतल्या सर्व्हरशी. मग सर्व्हर विचारणार, तू कोण? माझं उत्तर त्याच वाटेने परत जाणार. अशी विचारपूस चार-पाच वेळा झाली की हिरवा ठिपका दिसतो. तोवर मी चहापाशी उभी असते.

आमचं घर कोबार गावापासून बरंच बाहेर आहे, लाल मातीत, एका मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबाच्या जमिनीवर. कोबार म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातलं तांब्याच्या खाणीचं गाव, सिडनीपासून सुमारे 700 किलोमीटर. नवरा इथे डॉक्टर आहे. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना ऑस्ट्रेलियात मेडिकेअरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यातून, फी मिळायची असेल, तर साधारण 10 वर्षं डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात काम करावं लागतं. त्याची नोकरी इथे, माझी सिडनीत. कंपनीने मला घरून काम करू दिलं, म्हणून हा संसार एका छपराखाली आहे. पण घरापर्यंत इंटरनेटची तार नाही आणि मोबाइलची रेंज नाही. आहे ती छपरावरची डिश, उत्तरेकडे तोंड करून.

ती ज्यांच्याशी बोलते ते स्काय मस्टर नावाचे दोन उपग्रह 2015 आणि 2016 साली फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडले गेले. दोन्ही विषुववृत्ताच्या वर, जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर. इथून तिरकं मोजलं तर 37,000 भरतं. मी एक क्लिक केलं की ते एवढं वर जाणार, एवढंच खाली येणार, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. सगळं मिळून दीड लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी त्याला अर्धा सेकंद लागतो. वाटेतली यंत्रं आपापला वेळ घेतात आणि प्रत्यक्षात साडेसहाशे मिलिसेकंद होतात. या उपग्रहांचं एक भूस्थानक, म्हणजे जमिनीवरचं स्टेशन, बर्कला आहे, इथून 160 किलोमीटरवर. गाडीने गेले तर दुपारपर्यंत जाऊन परत येता येईल अशा गावाशी बोलायलाही संदेशाला आभाळाची ही वाट चुकत नाही.

ऑफिसातले विचारतात, तुझी लाइन 25 एमबीपीएसची आहे ना, मग अडतं कुठे? अडतं ते इथे. एमबीपीएसने एका वेळी किती माल जातो ते कळतं, जाऊन यायला किती वेळ लागतो ते कळत नाही. व्हीपीएनमधून ऑफिसचं एक जुनं पान उघडायचं तर आधी पत्ता विचारायची एक फेरी, जोडणीची एक, जुन्या पद्धतीच्या कुलूपबंद जोडणीच्या दोन आणि मग पान मागायची एक. पाच फेऱ्या म्हणजे सव्वातीन सेकंद, आणि अजून पडद्यावर एक अक्षर नाही. सिडनीत हेच सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे तिथे बसलेल्या कुणाला या फेऱ्या असतात हेच जाणवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण जाणवत नाही म्हणून त्या वाढत जातात, हेही खरं आहे.

मंगळवार, रात्री

व्हीपीएन बंद केलं की नेट बरं चालतं, लावलं की गुडघे टेकतं. इथे घरून काम करणारा प्रत्येक जण हेच सांगतो आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना ते पटत नाही. आज मी आयटीतल्या माणसाशी यावर तासभर बोलले. त्याला जसं समजावलं तसंच इथे लिहून ठेवते, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला सांगायला उपयोगी पडेल.

नेटवरून माल जातो तो रजिस्टर्ड पोस्टासारखा. काही पाकिटं पाठवायची, समोरून पोच आली की पुढची पाठवायची. सुरुवात साधारण 10 पाकिटांनी होते, म्हणजे 14-15 केबी, आणि पोच येत गेली की दर फेरीला आकडा दुप्पट होतो. 1 एमबीची फाइल या हिशोबाने सात फेऱ्या घेते, साडेचार सेकंद. उपग्रहवाल्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी मोडेममध्ये आणि भूस्थानकात एक सोय केली: पलीकडून पोच यायची वाट न बघता अलीकडच्या यंत्रानेच पोच देऊन टाकायची. पाठवणारा थांबत नाही, पाकिटं सुटत राहतात, आणि मधल्या टप्प्यात काही हरवलं तर ते परत पाठवायची जबाबदारी या यंत्रांची.

व्हीपीएन आलं की हे सगळं बंद पडतं. कारण व्हीपीएन पाकिटावरचा क्रमांक आणि पत्ता दोन्ही आत घालून वरून दुसरं पाकीट चिकटवतं. मोडेमला आतलं दिसत नाही, त्यामुळे आतल्या पाकिटाची पोच त्याला देता येत नाही. आता खरी पोच सिडनीहून, आभाळातून फिरून यायची. ऑफिसात एक जुना फाइल सर्व्हर आहे, तो एका दमात 64 केबीच्या पुढे पाठवत नाही. साडेसहाशे मिलिसेकंदांना 64 केबी, म्हणजे सेकंदाला जेमतेम 100 केबी. 25 एमबीपीएसच्या लाइनवर एक एमबीपीएससुद्धा पदरात पडत नाही, आणि उरलेली लाइन रिकामी पडून राहते. मोठं पॅकेज घेतलं म्हणून यात काडीचा फरक पडत नाही, आणि हे पैसे भरण्याआधी लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

त्यात भर म्हणजे आमचं व्हीपीएन टीसीपीवरून, म्हणजे पोच घेऊनच पुढे जाणाऱ्या पद्धतीने, चालत होतं. म्हणजे आतल्या जोडणीचीही पोच आणि बाहेरच्या जोडणीचीही पोच. मध्ये एखादं पाकीट पडलं की दोघंही ते परत पाठवू बघतात आणि सगळं तुंबतं. मी म्हटलं, माझ्यापुरतं यूडीपी, म्हणजे पोचेची वाट न बघणारी पद्धत, चालू करून द्या. त्याने आधी सुरक्षेचं नाव काढलं, मग वाचून बघितलं, मग म्हणाला, कुलूप तेच राहतंय, करून देतो. संध्याकाळी प्रोफाइल बदललं. पाकिटाचा आकारही 1300 बाइटवर आणला, कारण व्हीपीएनचं वेष्टन धरून ते ठरलेल्या मापाबाहेर जात होतं. छोटी पानं उघडायची आणि मोठी मध्येच लटकायची, ते त्यामुळे. व्हिडिओ मीटिंग व्हीपीएनच्या बाहेरून जाऊ द्यायलाही तो तयार झाला.

फरक लगेच दिसला. साडेसहाशे मिलिसेकंद तेवढेच राहिले, ते कुणाच्याच हातात नाहीत. पण अधूनमधून जे दीड-दोन मिनिटं सगळं गोठायचं ते आज रात्री एकदाही झालं नाही. त्या माणसाने जेवणाची सुट्टी सोडून माझं ऐकून घेतलं. त्याचे आभार मानणारी मेल त्याच्या साहेबांनाही पाठवली.

बुधवार

दुपारी जेवण झाल्यावर नेट गेलं आणि काही मिनिटांनी आपोआप आलं. काल-परवाही याच सुमाराला गेलं होतं. सूर्य. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या तोंडावर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, इथून बघताना सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला उपग्रहाच्या आवाजापेक्षा सूर्याचाच गोंगाट मोठा ऐकू येतो. चार-सहा दिवस चालेल. टीमच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं.

पावसाचं वेगळं. या उपग्रहांची का-बँड नावाची रेडिओ लहर पाण्याच्या थेंबांत शोषली जाते, त्यामुळे जोराची सर आली की मी गायब. पण इथे पाऊस आला तर कुणी नेटबद्दल बोलत नाही. शेजारीण अंगणात येऊन उभी राहते, आणि मीही लॅपटॉप मिटून बाहेर जाते.

गुरुवार

आईचा फोन. तिची नेहमीची तक्रार, "तू मध्येच गप्प का बसतेस गं? रागावलीस का?" मी बोलते तोवर तिचं पुढचं वाक्य निघालेलं असतं, मग दोघी थांबतो, मग दोघी एकदम "बोल बोल" म्हणतो. आज मी तिला आर्वीच्या डिशची आठवण दिली. आमचं गाव नारायणगाव. जवळच आर्वीला विक्रम साराभाईंच्या नावाचं भूस्थानक. 1970 च्या दशकापासून परदेशचे फोन त्या डिशमधून जायचे. लहानपणी पाहुणे आले की आम्ही लांबून ती डिश दाखवायचो, आणि पुढे खोडदची डिशांची रेडिओ दुर्बीण झाल्यावर पाहुणे दोन्हींची गल्लत करायचे. मी म्हटलं, आई, तीच तऱ्हा आहे, मी त्याच उंचीवरून बोलतेय. ती जरा थांबून म्हणाली, "हो गं, मामांचा मस्कतहून फोन यायचा तेव्हा असंच व्हायचं. आम्ही तेव्हा समोरच्याचं पुरतं ऐकून मग बोलायचो."

पुरतं ऐकून मग बोलायचं. इथल्या लोकांनाही हे फार आधीपासून ठाऊक आहे. 1920 च्या दशकाच्या शेवटी आल्फ्रेड ट्रेगरने पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला, तो फ्लाइंग डॉक्टरांना, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांना, बोलवायला दूरदूरच्या घरांत पोचला. 1951 ला अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये आणि 1956 ला ब्रोकन हिलमध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेजारणीची सासू त्या रेडिओवर शिकली. तिने सांगितलं, एका वेळी एकच पोर बोलू शकायचं, बाई नाव घ्यायच्या, पोरगं उत्तर द्यायचं आणि "ओव्हर" म्हणायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. तिची नातवंडं आज याच उपग्रहावरून शिकतात, माझ्यासारखीच डिश आणि माझ्याएवढाच उशीर.

मीटिंगमध्ये मला सगळ्यात जास्त जड जायचं ते हेच. सिडनीतले सात-आठ जण एका खोलीत, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मला फट दिसते तेव्हा ती पाऊण सेकंदापूर्वीच बुजलेली असते. बोलायला जावं तर कुणाला तरी तोडल्यासारखं होतं, आणि गप्प बसावं तर हिला काही म्हणायचं नाही असं समजलं जातं. गेल्या महिन्यात मी टीमपुढे एवढंच ठेवलं: बोलून झालं की पुढच्याचं नाव घ्या. पहिला आठवडा सगळे विसरत होते. आता अंगवळणी पडलंय, आणि यातून मला न सुचलेली एक गोष्ट झाली. खोलीतच बसणारी, हळू बोलणारी एक नवी मुलगी आहे, तीही आता दर मीटिंगला बोलते. तिचं नाव घेतलं जातं म्हणून.

शनिवार

आज निवांत लिहिते, कारण या आठवड्यातली सगळ्यात समाधानाची गोष्ट काल झाली.

माझ्या कामाची पद्धत मी इथे आल्यावर पार बदलली. कोड लॅपटॉपवरच लिहायचा, गिट या कोडच्या नोंदवहीत सगळा इतिहास जवळ असतो, त्यामुळे दिवसभर नेट नसलं तरी अडत नाही. मोठे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं काम, सिडनीतल्या मशीनवर चालवायचे, इथे फक्त निकाल आणायचा. त्या मशीनवर टाइप करायला मॉश नावाचा प्रोग्रॅम वापरते. ते अक्षर आधी आपल्याच पडद्यावर उमटवतं आणि सर्व्हरशी मागाहून जुळवून घेतं. एसएसएच या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये दाबलेलं अक्षर पाऊण सेकंदाने उमटायचं, आणि चुकलेलं खोडताना नेमकं किती खोडलं तेच समजायचं नाही. डोकं दुखायचं.

पण माझी सोय झाली म्हणून प्रश्न सुटत नाही. आम्ही जे सॉफ्टवेअर बनवतो ते धान्याच्या सायलोवर, म्हणजे मोठ्या कोठारावर, ट्रकची वेळ ठरवायचं. ते वापरणारे शेतकरी, ड्रायव्हर, त्यांच्या घरची हिशोब बघणारी माणसं माझ्याच आभाळाखाली बसलेली आहेत. हंगामात ट्रक भरून उभा असतो, आणि "वेळ पक्की करा" हे बटण दाबल्यावर गोल चक्र फिरत राहतं. लोक पुन्हा दाबतात, दोन नोंदी होतात, सायलोवर वाद होतात. ऑफिसात हे बटण कधीच अडत नाही, त्यामुळे तक्रारींवर "ग्राहकाचं नेट खराब" असा शेरा पडायचा. मला तो शेरा आवडत नव्हता. त्यांचं नेट दूर आहे, आणि त्यांनी शेती जिथे आहे तिथेच करायची आहे.

सर्व्हरवरच्या लिनक्स प्रणालीत नेटेम नावाची एक सोय आहे. एका ओळीत सांगता येतं की जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला अमुक मिलिसेकंद थांबव. मी आमच्या चाचणीच्या सर्व्हरला 600 लावले आणि टीमला म्हटलं, फक्त आजचा दिवस असंच काम करू. दुपारपर्यंत दोघा-तिघांनी स्वतःहून बटणाच्या मागे काय चाललंय ते उघडून बघितलं. एकामागून एक नऊ विनंत्या. आधी शेतकऱ्याचा तपशील, तो आला की ट्रकचा, तो आला की सायलोचा, अशी रांग. नऊ फेऱ्यांचे जवळजवळ साडेपाच सेकंद. त्यातल्या बहुतेक एकमेकींवर अवलंबूनच नव्हत्या, लिहिणाऱ्याने सोयीसाठी एकाखाली एक लिहिल्या होत्या. काल त्या सगळ्यांची मिळून एकच विनंती केली. दोनदा दाबलं तरी नोंद एकच होईल अशी खूणही घातली. माझ्या घरून, व्हीपीएन लावून, सेकंदाच्या आत. दोनदा खात्री करून घेतली.

हे आता कशाला, असंही एक जण म्हणाला. जवळून फिरणारे उपग्रह आलेत. ते खरं आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आहेत, उशीर डोळ्याला दिसत नाही. आसपासच्या बऱ्याच छपरांवर त्यांच्या पांढऱ्या चौकोनी डिश आल्यात. स्काय मस्टरच्या जागीही अ‍ॅमेझॉनचे कमी उंचीवरचे उपग्रह येणार असं ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर झालं. आमचं घर भाड्याचं, आमच्याकडेही यथावकाश काहीतरी होईल. पण ज्याला नवी डिश परवडत नाही त्याने तोवर ट्रक उभा करून ठेवायचा का? आणि नऊच्या जागी एक विनंती केली तर सिडनीतलाही सर्व्हर हलका होतो, ते काम वाया जायचं नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये लॉगिनच्या पानाचं काढणार आहे. तिथे सध्या पाच फेऱ्या आहेत. दोनांत भागेल असं मला वाटतं.