वसतिगृहातले पहिले दोन महिने, तेही पावसातले

इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या ऐन पावसाळ्यात होतात. त्यामुळे नाशिकच्या वसतिगृहात पहिलं पाऊल पडतं ते ओल्या चपलांनीच. घर सुटणार, मेसचं जेवावं लागणार, अनोळखी मुलीबरोबर खोलीत राहायचं, याची मनाची तयारी सगळ्या करून येतात. ओलीची तयारी कुणीच करत नाही. मी कळवणकडची, आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या महिन्यात नव्या मुली सर्वांत जास्त कशाने कावतात, तर न वाळणाऱ्या कपड्यांनी. म्हणून आधी तेच सांगते.

रविवारी आठवड्याचा ढीग धुवायला काढला की फसगत ठरलेली. खोलीतल्या एका दोरीवर दहा कपडे एकमेकांना चिकटून राहतात, मधून वारा जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास सुटतो. वास राहिलेल्या साबणाचा नसतो. कापड बराच वेळ ओलं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, त्यांचा तो वास. म्हणून रोज तीन किंवा चार हलके कपडे धुवायचे, तेही संध्याकाळी, म्हणजे रात्रभर पंख्याखाली राहतात. अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा पावडर पुरते. जास्त टाकली तर नीट निघत नाही आणि कापड चिकट राहतं. पिळून झाल्यावर कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा दाबायचा. नुसत्या हाताने न निघणारं पाणी त्यात निघतं. दोरी नायलॉनची, पाच मीटर, खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत तिरकी बांधायची म्हणजे पंख्याचा वारा लागतो. दोन कपड्यांत चार बोटं जागा हवीच. असा सुती टॉप सकाळपर्यंत वाळतो. जीन्सला दोन दिवस लागतात, तेव्हा पावसाळ्यात एकच जीन्स ठेवावी आणि बाकी पातळ लेगिंग किंवा ट्रॅक पँट. आतले कपडे आठ-दहा जोड आणा, यात काटकसर नको.

कॉट बाहेरच्या भिंतीला चिकटली असेल तर हातभर पुढे ओढा. त्या भिंतीला ओल येते आणि गादीच्या मागच्या बाजूला बुरशी धरते. ती दिसत नाही, सकाळी शिंका मात्र येतात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. पहिलाच बोळा रात्रभर ठेवला तर तो स्वतः ओला होऊन बसतो.

मेसबद्दल. आमच्याकडे घरी बाजरीची, नागलीची भाकरी असते. इथे दोन्ही वेळा चपाती आणि भात. पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं ते बहुतेक याने, शिवाय नव्या जागी पाणी कमी पिण्याने. लेक्चरला जाताना एक लिटरची बाटली संपवून यायचीच, असा मी नेम केला. काकडी, टोमॅटो, केळी खोलीत ठेवता येतात. घरून लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी आणा. ती महिनाभर सहज टिकते, अट एकच, ओला चमचा घालायचा नाही. अरुंद तोंडाची बरणी नको, रुंद तोंडाचा स्टीलचा डबा बरा. बरेच ठिकाणी रविवारी रात्री मेस बंद असते, त्या रात्रीसाठी भिजवलेले पोहे हा सर्वांत सोपा उपाय.

मेसच्या खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याचा, नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरतात, आधी किती दिवस सांगावं लागतं, आणि वहीत सही कुणाची लागते. तोंडी सांगितलेला खाडा महिन्याच्या हिशेबात सापडत नाही. मी आजही वहीतल्या नोंदीचा फोटो काढून ठेवते.

खोलीत हीटरचा रॉड लावायचा मोह होतो, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा इथला पारा दहाच्या खाली उतरतो. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. टेबलाजवळचा साधा सॉकेट सहा अँपिअरचा. वर एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर लॅपटॉप आणि दोन फोन. बोर्ड आधी तापतो, मग वास येतो, मग अख्ख्या मजल्याचे दिवे जातात. गरम पाण्याच्या वेळा पाठ करा आणि पंधरा मिनिटं आधी उठा, याला पर्याय नाही.

पार्टनरशी पहिल्या संध्याकाळीच चार गोष्टी ठरवा: दिवे किती वाजता बंद, अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, फोनवर बोलायला बाहेर जायचं की नाही, आणि किल्ली कुठे. महिन्याने सांगितलं तर तेच बोलणं तक्रार वाटतं. क्लिपचा छोटा टेबल लॅम्प असला की निम्मी भांडणं होतच नाहीत. मोठ्या ताई काम सांगतात, टोपणनाव ठेवतात, ते कधी मजेच्या पलीकडे जातं हे तुमचं तुम्हाला कळतं. त्या क्षणी रेक्टर मॅडमना सांगा, नाहीतर १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी क्रमांक चोवीस तास चालू असतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

पैशांचं थोडं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह आणि मेस त्यात येत नाही, आणि इथेच अनेक घरांचं गणित चुकतं. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. तहसीलचे दाखले गावाहूनच काढून आणा, इथून एका दाखल्यासाठी एसटीने दोन खेपा होतात. आणि नाशिकला नवं खातं उघडताना जपा. आधारशी शेवटचं जे खातं जोडलं जातं त्यातच सरकारी पैसे पडतात. मुली जुन्या खात्याकडे वाट बघत बसतात.

घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. दर तासाला केला की आई तिकडे जेवत नाही आणि आपण इकडे. पहिल्या दोन शनिवार-रविवारी गावी जाऊ नका, असं मी आवर्जून सांगते. सोमवारच्या पहाटेच्या गाडीत बसणं पहिल्या दिवसापेक्षा जड जातं. त्यापेक्षा एखादा दिवस निमाणी बसस्थानकावरून सिटीलिंकची, म्हणजे शहरातली बस पकडून शहर पाहा, बसचे मार्ग त्यानेच कळतात. तिसऱ्या आठवड्यात जा. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि जाताना चटणीचा रिकामा डबा विसरू नका.

दिवाळीच्या सुट्टीला निघताना गादी गुंडाळून उभी ठेवा, बादली पालथी घाला, कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि ओला टॉवेल आत राहिला नाही ना हे दोनदा बघा.